बाभळीखालच्या गारगोट्या

आधीच सांगून टाकते, आम्ही त्या ढिगाकडे पाच मिनिटं बघितलं होतं. मोबाइलवर वेळ लावून. मी आणि माझ्याबरोबरची अकरा माणसं, मांडी घालून, एक शब्द न बोलता. आणि आमच्यापैकी एकालाही काही दिसलं नाही. वर्ष उलटून गेलं तरी तो धक्का माझ्या अंगातून गेलेला नाही. बाकीची अकरा माणसं शहरातली होती, त्यांचं सोडा. माझं तर ते माहेरचं शेत होतं.

मी संभाजीनगरात एका शाळेत चित्रकला शिकवते. स्वभावाने तापट. मागच्या बाकावरची मुलं माझी नक्कल करतात आणि चांगली करतात, मी एकदा दाराआडून बघितली आहे. काही वर्षांपूर्वी बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला ध्यान करायला सांगितलं. मी डोळे मिटले की न तपासलेल्या वह्या दिसायच्या, त्यांच्यामागे मुख्याध्यापक दिसायचे, आणि बीपी होतं त्याहून वर जायचं. मग एका सुट्टीत माहेरी गेले असताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसले होते आणि हाताला चाळा म्हणून गोटे एकावर एक रचत होते. दोन तास कसे गेले कळलं नाही. घरी आले तर वहिनी म्हणाली, "आज वन्सं कुणावर वरडल्या नाय."

तिथून ते खूळ लागलं. वाळलेल्या पानांची नक्षी, मक्याच्या कणसांवरची पांढरी सालं, पळसाची पडलेली फुलं, निरनिराळ्या रंगांची माती. काहीही तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं, आणि झालं की तिथंच सोडून द्यायचं, वारा नेईल तर नेऊ दे. फोटो टाकले तसे लोक विचारायला लागले, आम्हालाही घेऊन चला. मग महिन्यातून एखादा रविवार मी माणसं गोळा करून वेरूळच्या पुढे, देवगाव रंगारीच्या अलीकडे आमच्या शेतावर नेऊ लागले. वाळूजच्या कंपन्यांतले इंजिनिअर, दोन-तीन शिक्षिका, एक दाताच्या डॉक्टरीणबाई. ह्या सगळ्याला 'माइंडफुल' म्हणायचं असतं हे मला त्यांनीच सांगितलं.

माझे नियम मी फार ऐटीत सांगायचे. कशालाही हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग जमिनीवर तळहात टेकवून तिची परवानगी मागायची. आणि जिथून वस्तू उचलली ती जागा अशी करून ठेवायची की तिथं कुणी आलं होतं हे कळता कामा नये. हे मी कुठूनकुठून उचललेलं होतं, पण सांगताना माझा आवाज असा काही लागायचा की लोक माना डोलवायचे.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ह्या सगळ्याची मोठी करमणूक वाटायची. "आम्ही जल्मभर शेतातले दगड येचतोय," तो म्हणायचा, "आम्हाला कुणी बघाया आलं नाय." तरी माणसं आली की स्वतः विहिरीवर मोटर चालू करून त्यांचे हातपाय धुवायला लावायचा, आणि लांब उभा राहून बघायचा.

तो रविवार होळीच्या आधीचा. कापूस उपटून झाला होता, पऱ्हाट्या बांधाला रचलेल्या, रान मोकळं पडलेलं. वहिनी घरी नव्हती. कन्नडजवळ तिच्या माहेरी भाच्याचं लग्न होतं, तिकडे शुक्रवारीच गेली होती. मला त्या दिवशी मोठं काहीतरी करायचं होतं, दगडांचं वेटोळं, आतून बाहेर उलगडत जाणारं, पंधरा-वीस पावलं रुंद. काळे दगड आमच्याकडे हवे तेवढे. पांढरे मात्र शोधावे लागतात.

आणि ओढ्याच्या बाजूच्या बांधाला, बाभळीखाली, नुसत्या गारगोट्यांचा ढीग. लिंबाएवढ्या, आवळ्याएवढ्या, काही मुठीएवढ्या. हातभर लांब आणि गुडघ्याला लागेल इतका उंच. ती बाभूळ मी लहानपणापासून ओळखते, पण त्या कोपऱ्यात मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. मी तर हरखूनच गेले. सगळ्यांना बोलावलं, गोल करून बसवलं आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावली.

पाच मिनिटं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारलं, काय जाणवलं? एक जण म्हणाला, उन्हात ह्यांचा रंग दुधासारखा दिसतोय. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, इथे फार शांत वाटतंय. उठावंसं वाटत नाहीये." मी म्हणाले, "जागेचा गुण असतो." अगदी हेच शब्द. ते आठवले की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दादाला मी लांबूनच हाक मारून विचारलं, ह्या गारगोट्या कुणी गोळा केल्या रे? तो म्हणाला, "बायांनी टाकल्या असतील खुरपताना." घेऊ का? "घे की. दगडाला काय इचारायचं."

आम्ही जमिनीवर हात टेकवले, परवानगी मागितली आणि ढीग उपसला. तळाशी एक काळा चपटा दगड निघाला, पाटाएवढा, मातीत घट्ट बसलेला. वेटोळ्याच्या मध्यभागी ठेवायला इतका चांगला दगड मला सात जन्मांत मिळाला नसता. इंजिनिअरांनी ओढून बघितला, हलेना. तेव्हा दादाला चेव आला. गोठ्यातून पहार आणली, बाभळीच्या मुळाचा टेकू घेतला, एक जोर लावला आणि दगड उचकटून बाहेर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा लाजला.

खालची माती ओलसर होती. मी ती हाताने सारखी केली, खराट्याने आजूबाजूची जमीन झाडली, वर वाळका पाला पसरला. तिथं काही होतं असं कुणालाही वाटलं नसतं. नियम म्हणजे नियम.

वेटोळं झालं मात्र देखणं. काळ्या मातीत पांढरी रेघ फिरत फिरत आत जाते आणि मधोमध तो काळा दगड. माणसं संध्याकाळी परत गेली. मी राहिले. सोमवारची रजाच टाकली होती, कारण मला ते वहिनीला दाखवायचं होतं. माझ्या सगळ्या उद्योगांना घरात मनापासून दाद देणारी ती एकटी. फार बोलत नाही, पण बघते. माझी मातीची नक्षी ती आधी ह्या बाजूने बघायची, मग त्या बाजूने, आणि शेवटी एकच काहीतरी सांगायची, ते बरोबर असायचं.

सकाळी दहाला ती जीपमधून उतरली. अंगावर लग्नातलीच साडी, हातावर मेंदी. मी तिला चहाही घेऊ दिला नाही. पिशवी हातात तशीच, तिला ओढत शेतात घेऊन गेले. वाटेत ती लग्नातल्या गमती सांगत होती, वरातीत नवरदेवाच्या फेट्यावर फटाक्याची ठिणगी पडली आणि काय न् काय. वेटोळं लांबून दिसलं तशी म्हणाली, "लई भारी झालंय, वन्सं."

जवळ आल्यावर ती बोलायची थांबली. वाकली, एक गारगोटी उचलली, उलटीपालटी केली. मग दुसरी उचलली. तिसरीच्या टोकाला तांबूस डाग होता. तो तिने अंगठ्याने पुसून बघितला.

"ही कुठून आणली?"

"त्या बाभळीखालून. वहिनी, केवढा ढीग होता तिथं."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आणि ती पळाली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं. ढेकळांतून, साडी एका हातात धरून, ती सरळ बाभळीकडे गेली आणि तिथं जाऊन नुसती उभी राहिली. मी मागून धापा टाकत पोचले. पाला सगळीकडे सारखा पसरलेला. काम मी फारच नीट केलं होतं.

"कुठं होता, वन्सं? ढीग कुठं होता?"

मी बोट दाखवलं. इथं. मग वाटलं, नाही, थोडा अलीकडे. किंवा बांधाच्या बाजूला. मला खात्रीने सांगता येईना. काल पाच मिनिटं मी त्या जागेसमोर बसले होते.

"नीट सांगा ना." तिचा आवाज मला ओळखू येत नव्हता.

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "अहो, दगडच तर होते वहिनी. परत आणून ठेवू की."

तिने माझ्याकडे बघितलं. "माझं लेकरू हाय तिथं," ती म्हणाली.

मला आधी काही कळलंच नाही. तिची एकुलती एक लेक आमच्याच शहरात हॉस्टेलला राहून बारावी करत होती, आदल्याच आठवड्यात माझ्याकडे जेवून गेली होती. मग कळलं. तिच्या आधीचं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. दिवस भरत आलेले असताना बाळ पोटातच गेलं होतं. शहरातल्या दवाखान्यात वहिनीला रक्त देत होते, दादा तिच्या उशाशी बसून होता, आणि ते गाठोडं घेऊन बाबा, आमचे वडील, एकटेच जीपने गावी गेले. दात न आलेल्या मुलाला आमच्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, फोटो नाही, नाव नाही. कुठे पुरलं हे कुणी बोलतही नाही. दादाने बाबांना कधी विचारलं नाही, त्याला ते झेपलं नसतं. आणि मी? मी दवाखान्यात एकदा गेले होते, खिचडीचा डबा घेऊन. "तब्येतीला जपा, अजून वय आहे," असं म्हणाले आणि पेपर तपासायचे होते म्हणून अर्ध्या तासात निघाले. त्यानंतर ह्या विषयावर मी एक शब्द काढलेला मला आठवत नाही.

वहिनीने मात्र विचारलं होतं. अंगात जरा जीव आल्यावर, सासऱ्यांना, एकटीने. आणि बाबांनी तिला शेतात नेऊन जागा दाखवली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवलेला काळा दगड दाखवला. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यानंतर ती जागा माहीत असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

ती पाल्यात बसली. तांबूस डागाची गारगोटी अजून तिच्या मुठीत होती.

"पयल्यांदा आले तवा तिला काय द्यावं ते सुचंना," ती म्हणाली. "खुरपताना एक पांढरी गारगोटी घावली व्हती, ती पदराला बांधून आणली अन् ठेवली. मंग सवयच लागली. घावली की ठेवायची. ही कापूस उपटताना घावली, शेवटची."

"तिला?" मी म्हणाले.

"पोरगी व्हती ती. तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?"

मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मला भाची होती आणि ती मुलगी होती हेही मला माहीत नव्हतं. मी हादरून तिथं उभी राहिले. आठवून बघत होते की त्या वेळी मी 'मुलगा का मुलगी' एवढं तरी विचारलं होतं का. नव्हतं विचारलं. वाईट वाटू नये म्हणून विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं. मला वेळ नव्हता.

मग मी घाबरीघुबरी होऊन म्हणाले, जागा दादाला आठवत असेल, तो काळा दगड त्यानेच काढला. आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय सांगितलं.

वहिनीने मान वर केली. "त्यांनी? कशानं काढला?"

"पहारीने."

"किती खोल गेली पहार?"

हा प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती रडत नव्हती. ती हिशेब करत होती, एखादी बाई अंधूक उजेडात सुईत दोरा ओवते तितक्या लक्षाने. मी म्हणाले, वीतभर, फार तर वीतभर. ती म्हणाली, "बाबांनी कमरेइतकं खांदलं व्हतं. मला सांगितलं व्हतं तसं." आणि एक लांब श्वास सोडला. मग म्हणाली, "त्यांना कळू देऊ नका, वन्सं. त्यांना नाय सोसायचं."

आम्ही घमेली आणली आणि वेटोळं मोडायला घेतलं. पांढरे दगड वेगळे करायचे, काळे तिथंच टाकायचे. सवय कशी असते बघा, मी घमेल्यात गारगोट्या ठेवताना मोठ्या खाली, छोट्या वर असं लावत होते. लक्षात आलं तेव्हा मला शिसारी आली आणि मी त्या तशाच ओतल्या. वहिनी एकेक उचलून पदराने पुसत होती. काही तिला ओळखू येत होत्या. एकदा ती अस्पष्टशी हसलीही, कुठल्या तरी गारगोटीकडे बघून, आणि मी नजर वळवली. मला ते बघायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

बाभळीशी घमेली नेऊन ठेवली, पण ओतायची कुठं? पाला बाजूला करून आम्ही दोघी माती चाचपत होतो. ऊन चढलं होतं, वरचा थर वाळून सगळा एकसारखा झाला होता. तेवढ्यात दादाची मोटरसायकल बांधाला लागली. आम्हाला गुडघ्यांवर बघून त्याला हसू आलं.

"काय हारवलं? अन् ते काल केलेलं का मोडलं?"

"मला नाय आवडलं ते," वहिनी म्हणाली. मातीवरची नजर तिने उचलली नाही. "व्हतं तिथंच ठेवायचंय."

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "घे. झाली का तुझी फजिती?" आणि लगेच कामाला लागला. बायकोने सांगितलेलं काम तो कधी दुसऱ्यांदा सांगू देत नाही. वेटोळ्यातून काळा दगड दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आला. "हितं व्हता. ह्या मुळाला पहार घासलीय, हे बघ." त्याने पाला सारला तर खरंच बाभळीच्या मुळाची साल सोलवटलेली, आत पांढरं लाकूड. आम्ही दोघी दोन हात लांब शोधत होतो. मुळाच्या कडेला माती हाताला भुसभुशीत लागली. त्याने वरची माती ओंजळीने काढली, दगड टेकवला, जरा फिरवला, आणि तो जिथला होता तिथं बसला. मी सुटकेचा श्वास टाकला. वहिनीने तोंडावर पदर घेतला होता.

"आता हलायचा नाय," दादा म्हणाला, आणि कडेची माती दाबायला त्याने पाय उचलला.

"पाय नका लावू," वहिनी म्हणाली.

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. दादाचा पाय हवेत राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग दगडाकडे, मग त्या घमेल्यांकडे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याला कळताना मला दिसलं. त्याने पाय मागे घेतला, लांब ठेवला. मग चपला काढल्या. आणि सावकाश खाली बसला, गुडघे दुखतात त्याचे.

"बाबांनी हितं...?"

वहिनीने मान हलवली.

"पहार म्याच मारली," तो म्हणाला.

"खोल नाय गेली. म्या इचारलं वन्संला."

बाभळीवरून पाखरं उडाली, परत बसली. दादा दगडाच्या कडेने तळव्याने माती दाबू लागला. सगळ्या बाजूंनी, पुन्हा पुन्हा, दाबून झालेली जागाही. खूप वेळाने म्हणाला, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही कधी इचारलं नाय," वहिनी म्हणाली. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला.

मग तिने एक घमेलं पुढे ओढलं, त्यातली एक गारगोटी घेतली आणि त्याच्या हातात दिली. त्याने विचारलं, कशी ठेवू? ती म्हणाली, "ठेवा कशीबी. तिला चालतंय." त्याने ठेवली. तिने दुसरी दिली. त्याचे हात मातीने भरले होते, तिच्या हातांवर लग्नातली मेंदी, आणि दोघं एक शब्द न बोलता एकामागून एक ठेवत गेले. मी समोर बसले होते, हात रिकामे, मांडीवर. मला तिने एकही दिली नाही. आणि मी मागितली नाही.